पऱ्हाटीच्या वावरातून डिझाइन परिषदेला : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

माझं पहिलं पोस्टर तालुक्याच्या फ्लेक्सवाल्यानं छापलं. त्याचा रोजचा धंदा म्हणजे वाढदिवस, तेरवी, गणपती मंडळ आणि 'भावी सरपंच'. मी पेनड्राइव्ह देऊन ए-झिरो आकार पाहिजे म्हटलं. "सर, फुटात सांगा ना." मी अंदाजानं तीन बाय चार सांगून टाकलं. संध्याकाळी घ्यायला गेलो तर चारही बाजूंनी सोनेरी वेलबुट्टी, आणि खाली आभारांसाठी सोडलेल्या जागेत लाल अक्षरांत 'शुभेच्छुक : समस्त मित्र परिवार'. "खाली लय रिकामं दिसत होतं," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी. खालची पट्टी कात्रीनं कापली, वेलबुट्टी तशीच राहिली. परिषदेत एका परदेशी बाईंनी ती नक्षी तुमच्याकडची लोककला आहे का, असं मनापासून विचारलं.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी मेकॅनिकल शिकवतो. इंजिनिअरिंग डिझाइनच्या संशोधन परिषदांना आता स्वतः जातो, पोरापोरींनाही पाठवतो. मुंबई-पुण्याच्या पोरांना हे सगळं वरच्या वर्गातलं कोणीतरी सांगतं. पुसद, शेगाव, सेवाग्राम, चंद्रपूरकडच्या पोरांना बरेचदा सांगणारं कोणी नसतं, म्हणून हा खटाटोप.

आधी हे संशोधन कशाचं, ते कळू द्या

पहिला गोंधळ इथेच होतो. आपण मशीन बनवतो, फोटो काढतो, 'अमुक यंत्राची रचना व निर्मिती' असं नाव देतो आणि पाठवतो. पेपर परत येतो. यंत्र वाईट असतं असं नाही. पण डिझाइन संशोधनाचा प्रश्नच वेगळा असतो. डिझाइन घडतं कसं? गरज कशी ओळखली, दहा कल्पनांतून एक का निवडली, डिझाइन करणाऱ्याला कुठली पद्धत उपयोगी पडते आणि ती पडली हे कशावरून? यंत्र हा त्या गोष्टीतला एक पुरावा असतो.

या क्षेत्रात डीआरएम (डिझाइन रिसर्च मेथडॉलॉजी) नावाची पद्धत सगळ्यांच्या तोंडी असते. ल्युसिएन ब्लेसिंग आणि बंगळुरूच्या आयआयएससीचे, म्हणजे भारतीय विज्ञान संस्थेचे, अमरेश चक्रवर्ती यांनी ती मांडली. तिचे चार टप्पे आहेत: संशोधनाचा हेतू आणि यशाची कसोटी ठरवणं, आज काय चालतं ते तपासणं, त्यावर उपाय सुचवणं, आणि तो उपाय खरंच लागू पडला का हे पुन्हा तपासणं. आपल्याकडचे बहुतेक पेपर तिसऱ्या टप्प्यात सुरू होऊन तिथेच संपतात.

माझंच उदाहरण घ्या. कापूस वेचणाऱ्या बायांसाठी मी कमरेला बांधायची झोळी केली. पहिल्या पेपरात झोळीचं कापड, शिवण, पट्ट्याची रुंदी, सगळं होतं. बाया आज लुगड्याची ओटी कशी करतात यावर दोन ओळी. त्या दोन ओळींतच खरं संशोधन होतं, हे मला एका वेचणाऱ्या बाईनं दाखवलं. माझी झोळी पोटावर होती. ती अर्धी भरली तेव्हा बाई म्हणाली, "सर, झोयी चांगली हाय, पन भरली का खालचं बोंड दिसतच नाही. मंग मी ते बाजूले सरकवतो." मग नीट पाहिलं. ओटीसुद्धा सगळ्याच बाया भरत आली की कमरेच्या एका अंगाला सरकवत होत्या, आणि कोणती बाजू ते पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) ओळीवर ठरत होतं. मी तीन आठवडे वावरात उभा होतो आणि हे माझ्या वहीत नव्हतं.

यशाची कसोटी हाही तसाच प्रकार. मी 'कंबरदुखी कमी' असं लिहिलं होतं. वेचणीची मजुरी किलोवर असते. तेव्हा झोळीनं पाठ कितीही सुखावली, तरी दिवसाचे किलो घटले तर ती झोळी दुसऱ्या दिवशी धुऱ्यावर (बांधावर) पडलेली दिसते. हे परिषदेत जाण्याआधीच स्वतःला विचारायचं.

आणि फक्त शेतीच्याच विषयावर लिहावं असंही नाही. माझ्या एका विद्यार्थिनीनं तालुक्यातला वेल्डिंगवाला धरला. शेतकरी येतो, म्हणतो डवऱ्याची (कोळप्याची) पास, म्हणजे पातं, जरा रुंद करून दे, ट्रॅक्टरच्या फ्रेमला हे जोडून दे. हा ऐकतो, कागद घेत नाही; खडूनं शेडच्या फरशीवर रेघा मारतो, पायानं पुसतो, पुन्हा मारतो आणि कटर चालू करतो. तिनं प्रत्येक रेखाटन पुसण्याआधी मोबाइलवर टिपलं आणि पुसण्याचं कारण त्याच क्षणी त्याला विचारलं. त्या पेपरासमोर मी पाहिलेली गर्दी माझ्या कुठल्याच पेपराला मिळाली नाही. डिझाइन करणारे आराखडा काढताना विचार कसा करतात यावर जगभर प्रयोग चालतात, पण बहुतेक प्रयोग विद्यार्थ्यांवर, वातानुकूलित खोलीत. फरशीवरचा खडू त्यांच्याकडे नसतो, तुमच्या चौकात असतो.

परिषद कोणती निवडायची

भारतात या विषयाची मुख्य परिषद म्हणजे आयकॉर्ड (इंटरनॅशनल कॉन्फरन्स ऑन रिसर्च इंटू डिझाइन). 2006 साली बंगळुरूच्या आयआयएससीमधून ती सुरू झाली आणि 2009 पासून दर विषम वर्षी भरते आहे. जागा बदलते : 2013 ला आयआयटी मद्रास, 2017 ला आयआयटी गुवाहाटी, 2021 ला आयआयटी मुंबईची पण ऑनलाइन, 2023 ला पुन्हा बंगळुरू, 2025 ला आयआयटी हैदराबाद. आपल्याकडच्या नवख्यानं सुरुवात इथूनच करावी असं माझं मत आहे. भाषा, जेवण, प्रवास यातलं काही अंगावर येत नाही, आणि पेपर तपासणारी माणसं मात्र बरीचशी तीच असतात जी बाहेरच्या परिषदांचे पेपर तपासतात.

बाहेरची सगळ्यात मोठी म्हणजे डिझाइन सोसायटी या आंतरराष्ट्रीय संस्थेची आयसेड (इंटरनॅशनल कॉन्फरन्स ऑन इंजिनिअरिंग डिझाइन). 1981 ला रोममध्ये पहिली झाली, 2023 ला फ्रान्सच्या बोर्डोला होती, 2025 ला अमेरिकेत डॅलसला. हीसुद्धा विषम वर्षी. सम वर्षी क्रोएशियात 'डिझाइन' नावाचीच परिषद असते. या दोन्हींचे अलीकडचे पेपर केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसच्या साइटवर फुकट वाचायला मिळतात. जाणं होवो न होवो, ते वाचा. विषय ठरवायच्या आधी वीस पेपरांचे सारांश वाचून काढले तर कुठे काय चालतं ते आपोआप कळतं. यंत्ररचनेकडे ओढा असेल तर आयनाकॉम, उत्पादन तंत्राकडे असेल तर एआयएमटीडीआर, या आपल्या देशातल्या जुन्या परिषदा आहेत. पण तिथे डिझाइन पद्धतीवरचा पेपर थोडा पोरका पडतो.

आता खोट्या परिषदांचं. कॉलेजच्या ईमेलवर दर आठवड्याला एक तरी येते. ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत. पत्र 'आदरणीय थोर संशोधक' वगैरे म्हणून सुरू होतं. एकाच परिषदेत मेकॅनिकल, वाणिज्य, नर्सिंग आणि योग असतं. पेपर पाठवला की दोन दिवसांत 'अभिनंदन, स्वीकारला' येतं आणि सोबत खाते क्रमांक. स्कोपसची, म्हणजे शोधनिबंधांच्या जागतिक सूचीत नाव येण्याची, हमी आधीच दिलेली असते, जी कोणी प्रामाणिक आयोजक कधीच देत नाही. आमच्या ओळखीतल्या एका प्राध्यापकानं अशा ठिकाणी पैसे भरले. हॉटेलच्या लग्नाच्या हॉलमध्ये एका दुपारी पन्नासेक पेपर उरकले, प्रत्येकाला चार मिनिटं, प्रश्न नाहीत, मग शाल, मोमेंटो, फोटो. जेवण चांगलं होतं म्हणे.

तपासायचं कसं? समितीतली दोन नावं घ्या आणि त्यांच्या स्वतःच्या संस्थेच्या पानावर या परिषदेचा उल्लेख आहे का बघा. मागच्या वर्षीचे पेपर खरंच कुठे छापून आलेत का बघा. ते वाचून तुम्हाला काही शिकायला मिळतं का, हेही बघा. ही शेवटची कसोटी कोणी वापरत नाही आणि तीच सगळ्यात पक्की आहे.

सारांश, पेपर, शेरे

बहुतेक ठिकाणी आधी सारांश मागतात, तो पसंत पडला की पूर्ण पेपर, मग परीक्षकांचे शेरे, दुरुस्ती, शेवटची प्रत. काही ठिकाणी थेट पूर्ण पेपर. सारांशात प्रस्तावनेचा फाफटपसारा नको. 'भारत हा कृषिप्रधान देश आहे' हे वाक्य ज्यानं पहिल्यांदा लिहिलं तो बिचारा सुटला, आपण मात्र अजून फेडतो आहोत. प्रश्न काय, काय केलं, किती जणांबरोबर केलं, काय सापडलं. 'सापडेल' नव्हे, 'सापडलं'.

त्यांनी दिलेला साचा वापरा. समासाला, अक्षराच्या आकाराला हात लावू नका. पानांची मर्यादा ओलांडलेला पेपर न वाचताच परत येऊ शकतो. बऱ्याच परिषदांत परीक्षकाला लेखक कोण ते कळू द्यायचं नसतं, म्हणून नाव, कॉलेज, आभार सगळं काढायचं असतं. मी ते काढलं. पण आकृती तीनमध्ये झोळी लटकवलेल्या भिंतीवर आमच्या कॉलेजचं नाव हातभर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं.

माणसांवर अभ्यास केला असेल तर संमती हवी, आणि ती कशी घेतली हे पेपरात लिहायला हवं. आम्ही मराठीत अर्ध्या पानाचं पत्र केलं, वाचून दाखवलं, ज्यांना सही येत नव्हती त्यांचा अंगठा साक्षीदारासमोर घेतला. फोटोत चेहरे नकोत असं तिघींनी सांगितलं, तर नाही घेतले. आणखी एक गोष्ट, जी कुठल्याच साच्यात लिहिलेली नसते : तुमच्या मोजमापांत बाईचा अर्धा तास गेला तर तेवढी तिची वेचणी बुडते. ते पैसे द्या आणि दिले असं लिहा. एका परीक्षकानं हीच ओळ अधोरेखित करून चांगला शेरा दिला होता.

शेरे आले की पहिल्या दिवशी उत्तर लिहू नका. राग येतोच. माझ्या पहिल्या पेपराला आलेला शेरा होता की हे संशोधन नसून उत्पादनाची माहितीपुस्तिका वाटते. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी वाचलं तर माणूस बरोबर होता. मग तीन रकान्यांचा तक्ता करा : शेरा, आमचं उत्तर, पेपरात कुठे बदल केला. पटत नसेल तिथे कारण देऊन नाही म्हणता येतं. गप्प बसून शेरा गिळता येत नाही, पुढच्या फेरीत तो वर येतो.

एक तारीख भिंतीवर लिहून ठेवा : लेखकाच्या नोंदणीची. निदान एका लेखकानं त्या मुदतीत शुल्क भरलं नाही तर स्वीकारलेला पेपरही गळतो.

पैसे

विद्यार्थी असाल तर सवलतीचं शुल्क असतं, त्यासाठी कॉलेजचं पत्र लागतं. शिक्षक असाल तर प्राचार्यांकडे कर्तव्य रजेचा अर्ज आणि तसलमातीची (आगाऊ रकमेची) मागणी एकाच दिवशी करा, कारण दोन्ही कागद एकाच टेबलावर अडकतात. शुल्काची पावती कॉलेजच्या नावे आणि कॉलेजच्या जीएसटी क्रमांकासह घ्या. ही पावती माझ्या नावे आली म्हणून माझं देयक पाच महिने एका फायलीत झोपलं होतं. परदेशी परिषदेसाठी केंद्राच्या प्रवास-साहाय्य योजना असतात. पूर्वी एसईआरबीकडे (केंद्राच्या विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाकडे) असलेलं काम आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे आलं आहे. अटी बदलत राहतात, म्हणून मागच्या वर्षी कोणाला मिळालं यावर न जाता चालू सूचना स्वतः वाचा. अर्ज पेपर स्वीकारल्याच्या पत्राशिवाय पुढे सरकत नाही, आणि व्हिसाचा वेळ त्यातून वजा करायचा असतो.

पोस्टर आणि बोलणं

फ्लेक्सवाल्याला सांगायचं ते असं : ए-झिरो म्हणजे 33.1 बाय 46.8 इंच, ए-वन म्हणजे 23.4 बाय 33.1 इंच. उभं की आडवं ते परिषदेच्या सूचनेत असतं, कारण तिथली पाटी ठरलेल्या मापाची असते. फाइल पीडीएफ द्या, म्हणजे अक्षरं बदलणार नाहीत, आणि "यात काहीही घालू नका" हे दोनदा सांगा. चकचकीत फ्लेक्सवर दिव्याचा उजेड चमकतो, अक्षर दिसत नाही. त्याच्याकडे मॅट कापड किंवा मॅट व्हिनाइल असेल तर ते घ्या. घडी घालू नका. हार्डवेअरच्या दुकानातून तीन इंची पीव्हीसी पाइपचा तीन फुटी तुकडा आणि दोन टोप्या घेतल्या की पोस्टर गुंडाळून बसतं आणि एसटीच्या रॅकवर आडवं राहतं. माझा पाइप पाहून कंडक्टरनं "सर, बोअरचं काम घेतलं का?" विचारलं होतं.

पोस्टरवर मजकूर कमी, चित्र मोठं. दोन मीटरवरून शीर्षक वाचता आलं पाहिजे. घरी भिंतीला लावून आईला किंवा शेजाऱ्याला वाचायला सांगा.

तोंडी सादरीकरणाला साधारण पंधरा ते वीस मिनिटं मिळतात, प्रश्नांसकट. वेळ संपली की सत्राध्यक्ष घंटी वाजवतात किंवा उभेच राहतात. म्हणून निकाल शेवटच्या स्लाइडवर ठेवू नका, मध्यावर आणा. दहा-बारा स्लाइड पुष्कळ झाल्या. सगळा पेपर सांगायचा नसतो. लोकांनी तो वाचावा एवढी भूक लावायची असते. व्हिडिओ असेल तर तो स्लाइडच्या आत चालतो का ते दुसऱ्याच्या लॅपटॉपवर तपासा, आणि पेनड्राइव्हवर पीडीएफ प्रत वेगळी ठेवा.

इंग्रजीचं काय, हा प्रश्न प्रत्येक पोरगं दबक्या आवाजात विचारतं. खरं सांगतो, त्या सभागृहात जपानी, कोरियन, फ्रेंच, जर्मन माणसं बसलेली असतात आणि त्यांतल्या कित्येकांचं इंग्रजी आपल्यासारखंच अडखळतं. हळू बोला. पहिली तीन वाक्यं पाठ करा, कारण पाय तिथेच लटपटतात. चौथ्यापासून काम स्वतः बोलतं. 'ओटी', 'धुरा', 'डवरा' असे शब्द तसेच ठेवा आणि फोटो दाखवून एकदा समजावून सांगा. त्यांचं ओढूनताणून इंग्रजी केलं की ना तुम्हाला बोलता येत ना त्यांना कळत. आमच्या विद्यार्थिनीनं खडूच्या रेघेला वेल्डिंगवाला जो शब्द वापरतो तोच वापरला, 'मार्का'. दुसऱ्या दिवशी चहाच्या रांगेत एक जर्मन प्राध्यापक तो शब्द बरोबर उच्चारत होते.

सराव मोकळ्या वर्गात करा, समोर दोन माणसं बसवा : एक विषयातला, एक बाहेरचा. विषयातल्याला फक्त वाईट प्रश्न विचारायला सांगा.

जाताना

रेल्वेचं आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून साठ दिवस आधीच उघडतं, पूर्वीसारखं एकशेवीस दिवस आधी नाही. पेपर स्वीकारल्याचं कळलं की तारीख मोजून ठेवा. हैदराबादकडे जायचं असेल तर नागपूर-सिकंदराबाद वंदे भारत सेवाग्राम, चंद्रपूर, बल्लारशाहला थांबते, त्यामुळे वर्धा-यवतमाळकडच्यांना नागपूर गाठायची गरज नाही. पण सिकंदराबादला उतरलं म्हणजे पोचलो असं समजू नका. आयआयटी हैदराबाद शहराच्या बरंच बाहेर, संगारेड्डीजवळ कंदीला आहे. शेवटच्या पन्नास-साठ किलोमीटरचा विचार घरूनच करून निघा. गावाहून स्टेशनपर्यंत एसटीच. पोरींना महिला सन्मान योजनेत अर्धं तिकीट लागतं, तेवढीच बचत.

एक दिवस आधी पोचा. सकाळी उतरून थेट सभागृहात गेलेला माणूस पहिल्या भाषणात झोपतो. मी झोपलो आहे, तेही पहिल्या रांगेत. राहण्याची सोय संस्थेच्या वसतिगृहात मिळत असेल तर तीच घ्या. स्वस्त तर असतेच, शिवाय रात्रीच्या गप्पा तिथेच होतात. लॅपटॉपचा चार्जर, एचडीएमआय जोडणी, कॉलेजचं ओळखपत्र, शुल्काची पावती, एक जाड वही. कपडे साधे, नीट. टाय लावून आलेले बहुधा पहिल्यांदा आलेले असतात. डब्यात चिवडा आणि शेंगदाण्याची चटणी असू द्या, रूममेट लवकर मित्र होतो.

तिथे गेल्यावर

नोंदणीच्या टेबलावर बिल्ला, पिशवी आणि कार्यक्रमपत्रिका मिळते. ती पत्रिका घेऊन एका कोपऱ्यात बसा आणि पेन्सिलीनं खुणा करा. एकाच वेळी तीन-चार सभागृहांत सत्रं चालतात. सगळं ऐकायला गेलात तर काहीच ऐकून होत नाही. तुमच्या विषयाचं सत्र, तुमच्या विषयाच्या लगतचं एक, आणि पूर्ण अनोळखी असं एक. या तिसऱ्यातून मला सगळ्यात जास्त मिळालं. झाडाझुडपांपासून यंत्राच्या कल्पना घेण्यावरचं सत्र होतं, मी सहज बसलो, आणि बोंडाची वाळलेली टोकं बोटांना का टोचतात याकडे पाहायची दृष्टीच बदलली.

आपल्या सत्राला दहा मिनिटं आधी जा, अध्यक्षांना नाव सांगा, ते उच्चार विचारतील. फाइल उघडून बघा. आणि सत्र संपेपर्यंत थांबा. स्वतःचा पेपर झाला की बॅग उचलून निघणारे लोक सगळ्यांच्या लक्षात राहतात, चुकीच्या कारणानं.

प्रश्न हीच परिषदेची खरी कमाई. प्रमाणपत्र पोस्टानंही येऊ शकतं, प्रश्न येत नाही. माझ्या झोळीच्या पेपराला एका वयस्क गृहस्थांनी विचारलं, "तुम्ही रिकामी आणि भरलेली, दोन्ही झोळ्यांचे आकडे दिलेत. अर्धी भरलेली का नाही? बाई दिवसातला बराच वेळ अर्ध्या भरलेल्या झोळीनिशीच असते ना?" उत्तर नव्हतं. मी म्हटलं, "हे आम्ही मोजलं नाही, यंदाच्या वेचणीत मोजू." ते हसून खाली बसले. त्या एका प्रश्नावर पुढचं वर्ष गेलं. तेव्हा उत्तर येत नसेल तर रचून सांगू नका, तिथे बसलेल्यांना ते लगेच कळतं. प्रश्नच कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगण्यात कमीपणा नाही. लांबण लावणारा कोणी भेटला तर "चहाला बोलू" म्हणायचं, आणि खरंच बोलायचं.

तुम्हीही प्रश्न विचारा. पहिल्या दिवशी निदान एक. 'फार छान पेपर' असं म्हणून सुरुवात केलीच पाहिजे असं नाही. नाव, गाव आणि थेट प्रश्न. "तुम्ही हे विद्यार्थ्यांवर तपासलंत, रोज हेच काम करणाऱ्या कारागिरावर तपासलं तर हाच निकाल येईल का?" हा प्रश्न दर दुसऱ्या पेपराला लागू पडतो, आणि तुमच्या तोंडी तो शोभतो, कारण तुम्ही तो कारागीर पाहिलेला असतो.

चहाच्या वेळी एकटं उभं राहायला अवघड जातं. मोबाइलमध्ये तोंड खुपसू नका. पोस्टरांकडे जा, पोस्टरपाशी उभा असलेला माणूस कोणीतरी यावं याचीच वाट पाहत असतो, आणि बोलायला विषय समोरच टांगलेला असतो. मोठ्या प्राध्यापकांना भेटायचं असेल तर त्यांचा एखादा पेपर वाचलेला असू द्या आणि त्यातलीच एक शंका विचारा. "सर, माझं काम बघाल का?" यानं गोष्ट पुढे जात नाही. सेल्फी नंतर.

एक अवघड गोष्टही सांगून ठेवतो. विदर्भातून आलात म्हटलं की कोणीतरी आत्महत्यांचा विषय काढतोच. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, तेही कित्येकांना ठाऊक असतं. हळहळ ऐकून घ्या आणि बोलणं पंपाकडे वळवा : पाठीवरच्या पंपाचा नोझल पऱ्हाटी छातीच्या वर गेली की कुठे येतो, झाकण गळलं की औषध पाठीवर कुठून ओघळतं, उकाड्यात मास्क किती वेळ तोंडावर राहतो. डिझाइनवाल्यांशी बोलायचे मुद्दे हे आहेत. सहानुभूतीवर पेपर पास करून घेऊ नये, आणि तसा झाला तरी त्याचा उपयोग होत नाही.

परत आल्यावर

उपस्थितीचं प्रमाणपत्र आणि तिकिटं त्याच आठवड्यात देयकाला जोडा. ज्यांच्याशी नीट बोलणं झालं त्यांना आठ दिवसांत चार ओळींची ईमेल करा. काय बोललो होतो त्याची आठवण आणि कबूल केलेला फोटो किंवा पेपर. वही उघडून प्रत्येक प्रश्नापुढे लिहा : मोजलं, मोजायचं, गैरलागू.

आणि मग पंचांग मांडून बसा. परिषद जानेवारीत असेल तर पेपर आदल्या उन्हाळ्या-पावसाळ्यातच मागतात. वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होते आणि संक्रांतीच्या आसपास आटोपत येते. म्हणजे 2027 च्या जानेवारीच्या परिषदेत जे मांडायचं ते 2025-26 च्या हंगामात मोजलेलं हवं. तो हंगाम हुकला तर मधल्या उन्हाळ्यात पऱ्हाटी उपटलेली असते आणि तुमच्याकडे फक्त प्रयोगशाळेतला पुतळा उरतो. पहिली वेचणी लागायच्या आधी, बाया पऱ्हाटीत सीतादहीची पूजा मांडतात त्या दिवशीच जाऊन भेटा. त्या दिवशी घाई नसते, दहीभात मिळतो, आणि कोणाच्या ओळीत कधी यायचं ते तिथेच ठरवून घेता येतं.